सतरा नंबरची ओळ

चिंचवड,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय सुमनआत्या,

नमस्कार. बाबा म्हणाले, आत्याला फोन करून काही उपयोग नाही, कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी वाजते, आणि मोबाईलवरचं ती मुळीच वाचत नाही. बोलायचं असेल तर पत्र लिही. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. खिडकीवरच्या माणसाने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "स्पर्धा आहे का कसली?"

तर आत्याबाई, तुमची भाची आता अर्धी शिक्षिका झाली. डी.एल.एड.चं दुसरं वर्ष, शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याची पाळी. मला हिवरदऱ्याची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली आहे. चाकणपर्यंत बस आणि पुढे शेअर रिक्षा. रिक्षा एकेका कंपनीच्या गेटाशी माणसं उतरवत जाते आणि शेवटी मी एकटीच उरते. तू पण मध्यंतरी काही वर्षं चाकणकडेच होतीस ना? बाबांना गावाचं नाव आठवत नाही.

मला तिसरीचा वर्ग दिला आहे. सव्वीस मुलं. पहिला पाठ वजाबाकीचा घेतला. रात्रभर जागून पाठाचं टाचण काढलं होतं, आइस्क्रीमच्या काड्यांचे दशकांचे गठ्ठे बांधून नेले होते. पाचव्या मिनिटाला सार्थक नावाच्या महाभागाने गठ्ठा सोडला आणि काड्यांची तलवारबाजी सुरू झाली. मुख्याध्यापिका योगिनीबाई मागे बसून निरीक्षण लिहीत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांचं पेन बराच वेळ थांबलं होतं.

हे सगळं ठीक आहे. एक गोष्ट मात्र मला कळत नाही आणि खरं सांगू, तिची भीती वाटते. हजेरीत सोळा नंबरनंतर अठरा येतो. सतरा नंबरची ओळ कोरी असते. मी पहिल्या दिवशी सोळा म्हटलं, मुलाने "हजर" म्हटलं, आणि मग सगळा वर्ग गप्प झाला. एक श्वास जाईल एवढाच वेळ. सव्वीसच्या सव्वीस मुलं खिडकीतून गेटाकडे बघत होती. तिथे एक म्हातारी बाई उभी होती, हिरवं लुगडं नेसलेली. मग अठरा नंबरची मुलगी आपणहून म्हणाली, "हजर बाई," आणि गाडी पुढे सुरू झाली. रोज असंच होतं. मुलांना विचारलं तर म्हणतात, "सतरा नसतो बाई." बस, एवढंच.

मधल्या सुट्टीतही ती बाई गेटात दोन्ही हात पसरून उभी राहते आणि ओठांतल्या ओठांत मुलं मोजते. तिला कोणी काही म्हणत नाही. तू इतकी वर्षं शाळेत घालवलीस, असं कुठे पाहिलं आहेस का?

तुझी,
तनुजा

*

इंदापूर,
१९ ऑगस्ट २०२४

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर बरं आहे, पण ओळी उजवीकडे चढतात. फळ्यावरही तसंच करत असशील तर मागच्या पोरांच्या माना वाकड्या होतील.

काड्यांचे गठ्ठे कधीही पोरांच्या हाती आधी देऊ नयेत. आधी गोष्ट सांगावी, मग एकालाच उठवून गठ्ठा सोडायला लावावा, आणि तो एक म्हणजे तुझा सार्थक. दंगेखोराला काम दिलं की तो निम्मा शिक्षक होतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. पोरांवर ओरडलीस की तुझा घसा बसेल, पोरांचं काही बिघडणार नाही. आणि हजेरी घेताना मान वर करून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत जा. आवाजावर खूण करू नकोस.

नंबर सोडण्याचं म्हणशील तर गावोगावच्या शाळांत असल्या रीती असतात. कुठे एखादी खोली उघडत नाहीत, कुठे एखादं झाड तोडत नाहीत. तू तिथे चार महिन्यांची पाहुणी आहेस. त्या बाईला काही विचारायला जाऊ नकोस. गेटाच्या डाव्या खांबाशी उभी राहते तर राहू दे, तिचा कोणाला त्रास नाही.

माझी तब्येत ठीक आहे. ज्ञानेश आणि सूनबाई काळजी घेतात. चाकणकडे मी थोडीच वर्षं होते, त्याला आता बराच काळ लोटला.

तुझी,
आत्या

*

चिंचवड,
३० ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि घरी कोणाला सांगण्याची हिंमत नाही.

मागच्या सोमवारी वर्गात एक नवीन मुलगी आली. मिनल. आईवडील परभणीकडचे, वडील कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, पत्र्याच्या खोलीत राहतात. मुलगी इतकी बुजरी की नाव विचारलं तरी डोळे भरतात. योगिनीबाई चाकणला मीटिंगला गेल्या होत्या. हजेरीत नाव मीच लिहायचं होतं. कॉलेजात आम्हाला घोकून घेतात, नोंदवहीत कोरी ओळ सोडायची नाही. आणि सतराची ओळ समोर रिकामी. मला ती रीत आठवत होती गं, अगदी आठवत होती. पण वाटलं, शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टी पुढे चालवायच्या का? मी सुवाच्य अक्षरात तिथे मिनलचं नाव लिहिलं. मनातून मला जरा अभिमानच वाटत होता.

मंगळवारी हजेरी घेतली. सोळा, "हजर." मी म्हटलं, "सतरा." वर्ग गप्प झाला. आणि त्या शांततेत मिनल बारीक आवाजात म्हणाली, "हजर बाई."

आत्या, ती म्हातारी गेटातून धावत आली. या वयात माणूस इतकं धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. चपला पटांगणात राहिल्या. ती थेट वर्गात शिरली, मिनलचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "आलीस व्हय गं? कुटं गेली व्हतीस? समदी धुंडत्यात तुला." मिनल किंचाळायलाही विसरली. बाकीची मुलं भिंतीला चिकटली. मी तिचे हात सोडवत होते, पण ते सुटत नव्हते. मग त्या बाईने मिनलच्या हनुवटीवरचा तीळ पाहिला. दोन वेळा बोटाने पुसून पाहिला. आणि तिचे हात आपसूक खाली आले. "ही न्हवं," म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, असं नगा करू." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मिनल शाळेत आलेली नाही. मी खोलीवर जाऊन आले. तिची आई दारातूनच म्हणाली, "लेकरू झोपंत दचकायलंय बाई. आमाला न्हाई पाठवायचं तिला तिथं." एका मुलीची शाळा मी तोडली, तीही नोकरीला लागण्याआधीच. मला रडू येतं आहे. काय करू ते सांग.

तनुजा

*

इंदापूर,
५ सप्टेंबर २०२४

चि. तनुजा,

मिनलचं नाव शेवटी, अठ्ठावीस नंबरला लिही. तिच्या घरी रोज जा. शाळेचा विषय काढू नकोस, नुसती बस, तिच्या धाकट्या भावंडांना खेळव. आठवडाभराने ती आपणहून तुझ्याबरोबर निघेल. हे नक्की होतं, मी केलेलं आहे.

बाकी काही विचारू नकोस. योगिनीबाईंनाही नको. कॉलेजात सांगून शाळा बदलून मिळत असेल तर बदलून घे.

आज शिक्षकदिन म्हणून ज्ञानेशच्या मुलाने फूल दिलं. ते मी देवापुढे ठेवलं.

आत्या

*

चिंचवड,
२० सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

मिनल परत आली. तू सांगितलंस तसंच केलं आणि नवव्या दिवशी ती माझं बोट धरून निघाली. आता माझ्या खुर्चीला खेटून बसते. याबद्दल तुझे आभार कसे मानू कळत नाही.

पण आत्या, गेटाच्या डाव्या खांबाचं मी तुला लिहिलंच नव्हतं. तू तुझ्या मनाने लिहिलंस. मी तीन वेळा पत्र वाचलं तेव्हा ते ध्यानात आलं.

ऑफिसात आजवरच्या शिक्षकांच्या नावांची पाटी आहे. काल मी ती पुसून वाचली. तुझं नाव तिथे आहे, २००४ पर्यंत.

मग मी योगिनीबाईंना विचारलं. त्या बाईचं नाव भागूबाई. शाळेत शिजवलेली खिचडी नवीनच सुरू झाली तेव्हा त्या ती करायच्या, आणि मधल्या सुट्टीत गेट सांभाळायच्या. तिसरीतली पुनम नावाची मुलगी सुट्टीत गेटाबाहेर गेली आणि कंपनीच्या पायासाठी खोदलेल्या खड्ड्यात, पावसाच्या पाण्यात बुडाली. सगळे म्हणाले, भागूबाईने पोरीला बाहेर सोडलं. गावाने त्यांना कामावरून काढलं. त्यांनीही ते कबूल केलं. पुनमचे आईवडील गाव सोडून गेले. वर्गातल्या पोरांनी तिचा नंबर घ्यायला नकार दिला आणि तेव्हापासून तो कोणालाच देत नाहीत.

ती तुझ्या वर्गातली होती. तुला किती दुःख झालं असेल ते मला समजतं, म्हणूनच तू काही बोलली नाहीस. यात तुझा काय दोष? दोष असेल तर त्या बाईंचा, आणि त्याही किती भोगत आहेत. एकदा मोकळेपणाने लिही ना. माझ्याशी बोललीस तर तुला हलकं वाटेल.

तनुजा

*

इंदापूर,
२ ऑक्टोबर २०२४

चि. तनुजा,

तुझं पत्र दहा दिवस उशाखाली आहे. तू मला निर्दोष ठरवून मोकळी झालीस, ते वाचून मला जेवण जाईना. सूनबाईने डॉक्टर आणला. त्याने रक्तदाब तपासला.

आता लिहिते ते नीट वाच.

खिचडी सुरू झाली तेव्हा रोज साडेदहाच्या आत पटावरची हजर मुलं किती ते भागूबाईला सांगावं लागे, मग ती तांदूळ मोजून घेई. पोरं तर अकरापर्यंत येत राहायची. म्हणून मी एक सोय केली होती. सकाळी आल्याबरोबर, प्रार्थनेच्या आधीच, नेहमी येणाऱ्यांच्या नावापुढे हजेरी लावून टाकायची. जी पोरं हमखास येतात त्यांची खूण आधीच. पुनम पावसापाण्यातही चुकायची नाही. त्या दिवशीही मी तिची हजेरी लावली. तोंड न बघता.

ती त्या दिवशी शाळेत आलीच नाही, तनुजा. घरून निघाली आणि वाटेतच त्या खड्ड्याकडे गेली.

दुपारी बाराला तिची आई शाळेत आली. पोर जेवणाचं ताट घरी विसरली म्हणून ते द्यायला. तेव्हाचे मुख्याध्यापक मारुतराव यांनी हजेरी उघडून बघितली आणि म्हणाले, "आहे की पुनम वर्गात. द्या इकडे ताट." आई ताट देऊन शेतावर निघून गेली. ताट माझ्या टेबलावर आलं. मी वर्गात नजर फिरवली. पुनम नव्हती. मला त्याच क्षणी समजलं. धावत जाऊन तिच्या आईला गाठायला मला पाच मिनिटं लागली नसती. पण पुढच्याच आठवड्यात तपासणी होती. खोटी हजेरी लावली हे उघड झालं असतं. मी मनाशी म्हटलं, रमली असेल कुठेतरी, येईल. मी ताट कपाटावर ठेवलं आणि पाढे घ्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी सापडली. डॉक्टर म्हणाले, दुपारी गेली असावी, नक्की वेळ सांगता येत नाही. बाराच्या आधी की नंतर, हे वीस वर्षं मला कोणी सांगितलेलं नाही.

चौकशी झाली. पोरांना कोणी विचारलंच नाही. हजेरीत पोर हजर, म्हणजे ती सुट्टीत बाहेर गेली, म्हणजे भागूबाईने सोडली. तिला विचारलं, पोर जेवली का? पहिल्यांदा ती म्हणाली, "ध्यानात न्हाई साहेब." पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाली, ध्यानात न्हाई. मारुतराव म्हणाले, "अगं हजर होती, मग जेवलीच असणार ना?" तेव्हा ती म्हणाली, "व्हय. जेवली." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. महिन्याभरात बदली मागून घेतली आणि आले इकडे.

नंतर चौदा वर्षं नोकरी केली. निवृत्तीला साडी-नारळ मिळाला. आदर्श शिक्षिका म्हणून भाषणं झाली. रोज हजेरी घेताना सोळानंतर माझी जीभ अडकायची. कानांनी ऐकू येईनासं झालं तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं.

तू मला किती मान देतेस ते मला माहीत आहे. आता देऊ नकोस.

सोबत वेगळा कागद आहे, तो भागूबाईसाठी. तिला वाचता येत नाही. तिला तू वाचून दाखव. तिचा काही दोष नव्हता, पोर तिच्या गेटातून गेलीच नाही, हे तिला मरण्याआधी समजलं पाहिजे. माझ्या अंगात तिथे येण्याचं बळ नाही.

आत्या

*

चिंचवड,
१० ऑक्टोबर २०२४

आत्या,

चार दिवस तो कागद पर्समध्ये घेऊन हिंडले. तुझा राग आला होता. अजूनही आहे. बाबांना काही सांगितलेलं नाही. पण भागूबाईंना गेटात हात पसरून उभं राहिलेलं पाहिलं की वाटायचं, मी एकेक दिवस जास्त उभी करते आहे त्यांना. मग मलाही खाली बघावंसं वाटायला लागलं, तेव्हा मी घाबरले आणि ठरवलं.

काल मुलं जेवून पटांगणात पांगल्यावर त्यांना व्हरांड्यात घेऊन आले. सुमनबाईंचं पत्र आहे म्हटल्यावर त्या पदर सावरून बसल्या. "बऱ्या हाईत का बाई? लई मायाळू व्हत्या पोरांवर." मी वाचायला लागले. एक अक्षर गाळलं नाही. हजेरीचं वाचलं, मारुतरावांचं वाचलं, "तुझा काही दोष नाही, पोर तुझ्या गेटातून गेलीच नाही," हे वाचलं. मला वाटलं होतं त्या रडतील. किंवा तुला शिव्या घालतील. किंवा वीस वर्षांनी त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसेल. खरं सांगते आत्या, ते बघायला मिळणार म्हणून मी मनातून थोडी आतुर होते.

त्यांनी फक्त विचारलं, "ती आलीच न्हवती म्हंता?"

मी म्हटलं, "नाही आजी. सकाळीच वाटेवरून गेली. शाळेत पाऊलच टाकलं नाही तिनं."

"तसं कसं," त्या म्हणाल्या. "मी वाढलं की तिला. ताट इसरली म्हनून डब्याच्या झाकनात वाढलं. दोनदा मागितली खिचडी. गरम व्हती, तर फुंकून दिली मी."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी "हो, आठवतं तुम्हाला ते खरं आहे" असं म्हणेन म्हणून. आणि मग बघता बघता त्यांचं त्यांनाच समजलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला ते कधी पाहायला मिळालं नसतं तर फार बरं झालं असतं.

"झाकान कुटलं," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यात झाकनाचा डबाच न्हवता तवा."

त्यांनी तोंड पटांगणाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "लोकांनी लई बोल लावला. मालक गेले, पोरांनी घरात घेतलं न्हाई, समदं सोसलं. पन रातीला आडवं पडल्यावर एक व्हतं मला. गेली ती गेली, पन पोटभर जेवून गेली. माज्या हातचं जेवून गेली. त्याच्यावर वीस वरसं काढली मी." मग माझा हात धरला आणि अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "मंजी बाई, पोर उपाशीच गेली?"

डी.एल.एड.च्या दोन वर्षांत मुलांच्या प्रश्नांना उत्तरं कशी द्यायची ते शिकवतात, याचं कोणी शिकवलं नाही.

पोषण आहाराच्या ताईंनी त्यांना ताट भरून आणून दिलं. त्या त्याला शिवल्या नाहीत. उठल्या, खाली पडलेला तुझा कागद उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाईस्नी सांगा, माजा डाग ऱ्हाऊ दिला असता तरी चाललं असतं." आणि गेल्या.

आज त्या आल्या नाहीत. मी दुपारी त्यांच्या खोपटाकडे जाऊन आले. दार लोटलेलं होतं, आत त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शेजारची म्हणाली, कालपासून पाण्याचा घोटही घेतला नाही, विचारलं तर म्हणतात, पोर उपाशी हाय.

आत्या, मी चूक केली की बरोबर, ते तू मला सांगू नकोस. तू ये. बळ नसेल तर ज्ञानेशदादाला धरून ये, पण ये, आणि त्यांच्यासमोर बस. मी आता तुझा एकही निरोप पोचवणार नाही.

तनुजा